मऊ जमिनीचा भरवसा नाही

निवडणूक जाहीर झाली की पुढाऱ्यांच्या आधी आमची धावपळ सुरू व्हायची. सभा शिरोळला असो, गारगोटीला असो नाहीतर गडहिंग्लजला. साहेब हेलिकॉप्टरने येणार म्हटलं की बांधकाम खात्याच्या शाखा अभियंत्याला फोन येणार हे ठरलेलं. मग मैदान बघा, विजेच्या तारा किती लांब आहेत ते बघा, मुरूम टाका, पाणी मारा, रोलर फिरवा, फक्कीने गोल मारून आत एच काढा, बंब आणि अँब्युलन्स उभी करा. निवृत्त होईपर्यंत हे काम कधी चुकलं नाही. माझ्या लेखी हिशेब सोपा होता. हेलिकॉप्टर वरून येतं आणि अलगद खाली बसतं. जमिनीने वजन पेललं आणि धुळीने पायलटचे डोळे भरले नाहीत, की आपली जबाबदारी संपली.

या कामाला दुसरी बाजू आहे हे भाचा हेलिकॉप्टर शिकायला अमेरिकेत गेला तेव्हा कळायला लागलं. तो शिकला रॉबिन्सन आर-२२ वर, दोन माणसांचं चिमुकलं यंत्र. रविवारी फोन यायचा. मी विचारायचो जेवलास काय, आणि तो सांगायचा, ‘मामा, आज ऑटोरोटेशन केलं.’ त्याची आई ते ऐकून देवापुढे दिवा लावायची, कारण ऑटोरोटेशन म्हणजे इंजिन बंद पडल्यावर खाली उतरणं, एवढं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

इंजिन गेलं की हेलिकॉप्टर धाडकन खाली कोसळतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात पायलटने डाव्या हाताचा कलेक्टिव्हचा दांडा ताबडतोब खाली दाबला की पात्यांचा कोन कमी होतो. यंत्र खाली येत असल्याने हवा खालून वर पात्यांतून जाऊ लागते आणि तीच पंखा फिरता ठेवते. इंजिन आणि पंख्याच्या मध्ये फ्रीव्हीलचा क्लच असतो, त्यामुळे बंद पडलेलं इंजिन पंख्याला ओढून धरत नाही. आर-२२ चा पंखा हलका, म्हणून दांडा खाली घ्यायला हातात जेमतेम एक-दीड सेकंद असतो. तेवढं साधलं तर पुढे यंत्र मिनिटाला दीड-दोन हजार फूट या गतीने, पण पूर्ण ताब्यात, उतरत येतं. तत्त्व नवीन नाही. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश माणसाचं ऑटोजायरो १९२३ मध्ये उडालं, ते कायम अशाच आपोआप फिरणाऱ्या पंख्यावर उडायचं. आणि २१ जून १९७२ ला जाँ बुले या फ्रेंच पायलटने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं, तिथं इंजिन विझलं ते पुन्हा सुरू झालंच नाही, आणि हा गडी तेवढ्या उंचीवरून नुसत्या हवेवर पंखा फिरवत सुखरूप जमिनीवर आला. तेच लामा आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने चीता या नावाने बनवलं. सियाचीनला रसद नेणारं चीता ते हेच.

तेव्हा हवेतला भाग शिकण्यासारखा आहे, शिकवण्यासारखा आहे, आणि बऱ्यापैकी भरवशाचा आहे. खरी गोम शेवटच्या चाळीस फुटांत. तिथं पायलट नाक वर उचलतो, त्याने पुढचा वेग मोडतो, खाली येण्याची गतीही मोडते. आठेक फुटांवर यंत्र पुन्हा सपाट करायचं आणि टेकता टेकता कलेक्टिव्ह वर ओढायचा. पंख्यात फिरण्याची जी शिल्लक ताकद आहे ती या एका ओढीत खर्च होते. दुसरी ओढ मिळत नाही. आणि सगळं झकास जमलं तरी यंत्र बहुतेक वेळा जागच्या जागी बसत नाही. थोडा पुढचा वेग उरतोच. वारा समोरून असेल तर कमी, पाठीमागून असेल तर बराच. स्किड, म्हणजे खालच्या त्या दोन नळ्या, जमिनीवर घासत घासत पुढे जातात आणि मग यंत्र थांबतं.

हे ऐकलं आणि माझ्यातला जुना अभियंता जागा झाला. घसरत थांबणार म्हणजे किती घसरणार? मी वहीच काढली. वीस नॉट धरा, म्हणजे सेकंदाला साधारण दहा मीटर. कोरड्या, कडक जमिनीवर घर्षणाचा गुणांक ०.४ धरा. थांबायला तेरा मीटरच्या आसपास लागतात. पंखा अजून थोडं वजन उचलून धरत असतो, म्हणून खरं अंतर याहून जास्तच भरेल. आता तेच यंत्र त्याच वेगाने चिखलात आणा. स्किडचं टोक रुतलं, पुढे मातीचा ढीग तयार झाला आणि यंत्र दोन मीटरात थांबलं असं समजा. गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट ताकदीने ते थांबवलं गेलं. ही ताकद लागते कुठे? अगदी खाली, स्किडला. वजन असतं कुठे? वर, माणसं, इंजिन आणि पंखा जिथं आहेत तिथं. पाय अडकले, धड चाललं पुढे. यंत्र नाकावर जातं.

याहून वाईट पुढेच आहे. नाक खाली जातंय म्हटल्यावर पायलटचा उजवा हात आपसूक मागे येतो, सायक्लिक, म्हणजे पंखा पुढे-मागे कलवणारा दांडा, ओढतो. त्या क्षणी पंखा मंद झालेला असतो, पात्यांचा ताठपणा फिरण्याच्या वेगातून येतो तोही उतरलेला असतो. पंखा मागे कलतो आणि पातं शेपटीच्या दांड्यावर बसतं. माणसं चालत बाहेर येतात, यंत्र मात्र भंगारात. हे कुणालाही, अनुभवी माणसालासुद्धा होऊ शकतं, म्हणून टेकल्यावर सायक्लिक मागे घ्यायचा नाही हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा घोकून घेतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण आपण तालमीत वाढलेली माणसं. हौदातली तांबडी माती, हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली, रोज खोऱ्याने उकरून मोकळी केलेली. धोबीपछाड बसून पैलवान पाठीवर आपटला तरी अंग झटकून उठतो, कारण माती दबते आणि त्याला थांबायला चार बोटं जास्त जागा देते. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत पिढ्यान्‌पिढ्या हे पाहिलेलं. म्हणून आपल्या मनात बसलंय की मऊ जमीन दयाळू असते. वरून सरळ खाली येणाऱ्याला ती असतेच. पण पैलवान वरून येतो, आणि ऑटोरोटेशनमधलं हेलिकॉप्टर आडवं येतं. आडव्या येणाऱ्याला जमिनीने धरून ठेवायचं नसतं, हळूहळू जाऊ द्यायचं असतं. जो मऊपणा पैलवानाची पाठ वाचवतो, तोच स्किड गिळतो.

नव्या काँक्रीटचंही तसंच. २२ ऑक्टोबर २०२५ ला केरळात प्रमाडमला राष्ट्रपतींचं हेलिकॉप्टर उतरलं आणि चाकं ताज्या काँक्रीटमध्ये रुतली. पोलीस आणि अग्निशमनचे जवान यंत्र ढकलताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. मी तेव्हा चहा पीत होतो आणि पहिला विचार आला तो तिथल्या अभियंत्याचा. काँक्रीटला ताकद यायला दिवस लागतात, मंत्रालयातून फोन आला म्हणून ते लवकर आवळत नाही. पण ते यंत्र सरळ खाली बसलं होतं, इंजिन चालू होतं. रुतलं म्हणजे रुतलं, एवढंच. वेगात आलेल्या यंत्राचं चाक असं रुतलं असतं तर बातमी वेगळी झाली असती.

सुट्टीवर येताना भाच्याने माझ्यासाठी एक विचित्र भेट आणली. स्किडच्या नळीखाली जी पोलादी पट्टी बसवतात, तिला ते शू म्हणतात; झिजून काढून टाकलेली एक त्याने मागून घेतली होती. हातभर लांब, खालून गोलाई असलेली. वरच्या बाजूला बोल्टांची भोकं आणि रंगाचे पापुद्रे तसेच. खालची बाजू मात्र आरशासारखी घासलेली, आणि टाचेकडचा भाग इतका पातळ की नखाने वाजवल्यावर आवाज बदलायचा. मी चष्मा लावून खिडकीत नेऊन बघितली. ओरखडे बहुतेक सगळे लांबीला समांतर, एकाशेजारी एक. पण मधेच एका जागी चार-पाच चरे तिरके गेलेले, खोल.

‘हे कशानं रे?’

‘यंत्र सरळ नव्हतं, मामा. नाक एकीकडं आणि जाणं दुसरीकडं. डांबर होतं म्हणून घसरून निभावलं. गवतात असतं तर स्किड आडवा अडकला असता आणि यंत्र कुशीवर.’

डांबराच्या बाजूने एवढं नक्की बोलता येतं. ते तिरक्या उतरण्याला थोडं सांभाळून घेतं. ठिणग्या उडतील, शू झिजतील, आवाज ऐकून आईचं काळीज फाटेल, पण स्किड सुटून पुढे जातो. आखूड, कोरडं, दाट गवतही झकास घसरतं, आणि ओलं गवत तर जरुरीपेक्षा जास्तच. वाईट ते उंच गवत, कारण त्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही: गुरांच्या खुरांनी पडलेले आणि वाळून कडक झालेले खड्डे, वारूळ, जुना बांध. त्याहून वाईट म्हणजे दोन चांगल्या जागांमधली कड. रस्त्याच्या कामातल्या माणसाला ही कड पाठ असते. डांबर आणि साईडपट्टी यांच्यात दोन-तीन इंचांचा फरक राहिला की मोटारसायकलवाला आडवा होतो. आम्ही बिलात साईडपट्टी भरून घेतो, पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो, कड पुन्हा उघडी. गवतावर टेकून घसरत आलेला स्किड अशा उघड्या डांबराच्या कडेला भिडला तर काय होईल, ते त्याने सांगायची गरज पडली नाही.

तो म्हणाला, चीता आणि चेतक ही दोन्ही एकाच घराण्यातली. पंखा एकाच जातीचा; चीताला खाली स्किड, चेतकला तीन चाकं. नाशिक रोडला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं, तिथं या घराण्यावर पिढ्या शिकल्या. मला ते फार आवडलं. वर सगळं सारखं आणि फरक फक्त पायात, म्हणजे जमिनीशी बोलायची पद्धत वेगळी. चाकवाल्याला कडक जमिनीवर पळू द्यायचं आणि ब्रेक लावायचे; मऊ जागी मात्र चाकाचा अरुंद टायर स्किडच्याही आधी घुसतो.

त्याच सुट्टीत आम्हाला एक खेळ लागला. गाडी मी चालवायचो, तो शेजारी. पन्हाळ्याकडे जाताना, कागलकडे जाताना मी मधेच विचारायचो, ‘आत्ता इंजिन गेलं. कुठं?’ त्याने तीन मोजायच्या आत बोट दाखवायचं. मग त्या जमिनीत काय आहे ते मी सांगायचो. पहिल्या दिवशी त्याने दर वेळी हिरवं दाखवलं. हिरवं म्हणजे कोल्हापुरात दुसरं काय असणार? ऊस. हजार फुटांवरून ती सपाट हिरवळ वाटते. खाली दहा-बारा फूट उंचीची भिंत. इथं नाक उचलायचं ते शेंड्यालाच जमीन मानून उचललं पाहिजे, पुढचा वेग शेंड्यावरच संपवला पाहिजे आणि मग सरळ खाली बसलं पाहिजे. झाडीवर उतरायचं झालं तरी हेच शिकवतात. जो शेंड्यातून वेगाने आत घुसला, त्याची पाती आधी ऊस तोडतील आणि मग स्वतः तुटतील.

मग तो तुटून गेलेल्या उसाकडे वळला. ‘हे कसं?’

‘सरी कुठल्या दिशेनं आहे बघ,’ म्हटलं. खोडवा ठेवलेल्या रानात सऱ्या-वरंबे तसेच असतात. सरीच्या अंगाने आलास तर दोन्ही स्किड सरीतून निघून जातील. आडवा आलास तर प्रत्येक वरंबा एकेक ठोकर. नांगरलेल्या रानात तासाच्या दिशेनेच उतरायचं, हे त्यालाही शिकवलं होतं. पण सरी ओळखायची कशी, पाचट पसरलेलं असताना तिच्या ओळी वरून दिसतात का, हे कोणत्या वर्गात सांगतात?

नदीकाठच्या काळ्या रानाचा स्वभाव तर महिन्याला बदलतो. एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, ढेकळं दगडाला लाजवतील अशी. जूनच्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर तेच रान गुडघाभर रुतवतं. मधे कधीतरी वाफसा येतो, तेव्हा माती हाताला मोकळी लागते, कुळव चालतो, आणि शेतकऱ्याला जे उत्तम वाटतं ते पायलटला फसवं असतं: वरून कोरडं दिसतं, टाच दाबली की आत जातं. वाफशाच्या रानात मी माणसाला उतरायला सांगणार नाही. त्यापेक्षा वरच्या अंगाची तांबडी, मुरमाड माळं बरी, भुईमूग किंवा सोयाबीन काढून मोकळी झालेली. आणि कुठलंही रान निवडलं तरी शेतीपंपाची वीजवाहिनी आणि बिनकठड्याची विहीर या दोन गोष्टी आधी शोधायच्या. आपल्याकडे रिकामं दिसणारं रान खरोखर रिकामं क्वचितच असतं.

मसाई पठार त्याला फार मोहाचं वाटलं. मैलभर सपाट, झाड नाही, तार नाही. मी त्याला चालवत नेलं. जांभ्याचा सडा तो. वर बोटभर मातीत गवत, खाली खडक, मधेच खळगे, खळग्यांत दगड. पावसाळ्यात पाणी साचून आरसा होतो, आणि आरशावर उंची कळत नाही. नाक केव्हा उचलायचं हे डोळ्यांवर अवलंबून असेल तर डोळ्यांना धरायला काहीतरी लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट असताना, तेव्हा या भागावर हेलिकॉप्टरं फिरत होती. खाली सगळं एकरंगी गढूळ पाणी. त्या पायलटांपैकी कुणाचं इंजिन खोकललं असतं तर, हा विचार मला तेव्हा शिवलाही नव्हता. आता पुराचं जुनं चित्रण लागलं तरी माझी नजर रस्त्याच्या भरावांवर आणि गच्च्यांवर जाते.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आमचे मतभेद आहेत. तिकडे शिकाऊ पायलटची परीक्षा बहुधा जमिनीला टेकण्याआधी संपते: काही फुटांवर इंजिनाची ताकद परत घ्यायची आणि हवेत स्थिर राहायचं. पॉवर रिकव्हरी म्हणतात. पूर्ण टेकवणं येतं ते प्रशिक्षक व्हायच्या वेळी. कारण उघड आहे, सरावात यंत्रं मोडतात आणि माणसंही. मला हे धोरण पटतं. खरं इंजिन आयुष्यात बंद पडेल न पडेल, त्याच्या तयारीसाठी चांगली यंत्रं आणि पोरं खर्ची घालण्यात शहाणपण नाही. भाच्याचं म्हणणं, शेवटचे आठ फूट हातात बसले नाहीत तर वरचं हजार फुटांचं शिक्षण कशाला? तोही चुकीचा नाही. त्याला टेकवण्याचा सराव हवा आणि तो कडक, सपाट, माहीत असलेल्या पट्टीवरच हवा. आणि जमीन वाचणं वेगळं शिकवायला हवं, पायी, रानात, टाच दाबून. एवढ्यावर आमची तडजोड झाली.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडूनच शिकलो. पॉवर रिकव्हरी करायची म्हणून खालच्या जमिनीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ताकद परत मागितली आणि इंजिनाने दिलीच नाही, असं होतं. मग सराव तिथंच खरा होतो, आणि खाली जी जमीन असेल ती पदरात. म्हणून चांगला प्रशिक्षक अशाच जागी इंजिनाची ताकद काढून ते नुसतं चालू ठेवतो, जिथं वेळ आलीच तर टेकता येईल. आधी एक फेरी मारून पट्टी बघतो, वारा बघतो, कुणी गुरं सोडलीत का ते बघतो.

परत जायच्या आदल्या रात्री अंगणात बसलो होतो. तो म्हणाला, ‘मामा, समजा सरावाची पट्टी करायला तुम्हालाच सांगितली, तर कशी कराल?’

मी वही मागवली. माळावरची जागा, काळी नको. वरची माती खरवडून काढायची. मुरूम थराथराने, प्रत्येक थराला बेतानं पाणी आणि दबाई, एकदम जाड थर टाकून वरवर रोलर फिरवायचा नाही. ठेकेदार नेमकं तेच करतो. भरलेला डंपर सावकाश फिरवून चाकाखाली कुठं दबतंय ते बघायचं, दबेल तिथं उकरून पुन्हा. पाणी निघून जाईल इतकाच उतार, तोही लांबीला; रुंदीला उतार ठेवला तर एक स्किड आधी टेकेल. वर आखूड गवत, दर पंधरवड्याला कापलेलं. कडा कुठेही उभ्या ठेवायच्या नाहीत, भोवतालच्या जमिनीत हळूहळू मिसळून टाकायच्या. दिशा पूर्व-पश्चिम, कारण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. आणि पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक वेळी कुणीतरी चालत जाऊन बघायचं, मगच सराव.

‘डांबर का नको?’ त्याने विचारलं. ‘तिरकं आलं तर डांबर सांभाळतं.’

‘तिरकं येऊ नकोस,’ मी म्हटलं.

त्याला ते मान्य नव्हतं. शिकणारा तिरका येणारच, म्हणूनच तो शिकणारा. मग अर्धी पट्टी डांबराची, अर्धी गवताची असं निघालं, आणि मधल्या कडेवरून पुन्हा वाद. शेवटी दोन वेगळ्या पट्ट्या, मधे मोकळं अंतर. तो म्हणाला, गवतावर शू तरी जास्त टिकतील. मी एका शूची किंमत विचारली, त्याने डॉलरमध्ये सांगितली, मी वहीत रुपये केले आणि त्यापुढे मुरमाच्या ट्रीपचा दर मांडला. मुरूम स्वस्त पडत होता.